नंद्या, कुत्रं आणायच्या आधी हे वाच

प्रिय नंद्या,

तुझा मेसेज वाचला. दसऱ्याच्या मुहूर्तावर लॅबचं, म्हणजे लॅब्राडोरचं, पिल्लू आणायचंय, पोरं मागे लागलीत, पुण्यातल्या चांगल्या ब्रीडरचा नंबर पाठव. नंबर पाठवत नाहीये, राग मानू नकोस. फोन केला असता पण फोनवर तू मधेच दुसराच विषय काढतोस आणि मला हे सगळं सलग सांगायचंय, म्हणून पत्र.

तुला माहितीये मी सुट्टीच्या दिवशी वारज्याच्या पुढे एका डॉक्टरांच्या क्लिनिकवर जातो. पुढे नेहमीची ओपीडी, लोक आपली कुत्री-मांजरं घेऊन लसीला, गोचिडांना, कान फुटला म्हणून येतात. आणि मागे पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना पिंजरे, मधे अंगण, तिथे कुणालाच नको असलेली कुत्री. कुणी रात्री गेटला बांधून गेलेलं, कुणाला "दोन दिवस ठेवा, गावाला जाऊन येतो" म्हणून ठेवलं आणि मग मालकाचा फोन बंद, कुणाला गाडीने उडवलेलं. डॉक्टर शिरवळच्या कॉलेजातून शिकलेत, म्हणजे तुझ्याच साताऱ्याच्या वाटेवरचे. पुढच्या ओपीडीच्या पैशात मागचं भागवतात, वर कुणी तांदूळ आणून टाकतं, कुणी मेडिकलचं बिल भरतं, असं चाललंय.

मला तुला पटवायचंय ते एवढंच की तुमच्या घराला पिल्लू नको, मोठं झालेलं कुत्रं हवं, आणि ते या शेडमध्ये आहे. तिचं नाव सोनी. लॅबच आहे, म्हणजे पोरांचा हट्टही पुरा होतो.

सोनी कात्रज बायपासला एका बंद गाळ्याच्या शटरपाशी सापडली. तिथल्या चहावाल्याने फोन केला. आम्ही आणायला गेलो तेव्हा उठत नव्हती, पोट फुगलेलं, सारखं पाणी पाहिजे पण खाण्याला तोंड लावत नव्हती आणि मागून पू येत होता. स्तन ओघळून लोंबत होते, नखं वाढून वळलेली, कोपरांवर घट्टे पडलेले, सिमेंटवर नाहीतर जाळीवर वर्षानुवर्षं बसून पडतात तसले. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, ही पिल्लांसाठी ठेवलेली कुत्री आहे, वेतामागून वेत काढलंय आणि आता आजारी पडली म्हणून आणून टाकली. पायोमेट्रा होता, म्हणजे गर्भाशयात पू भरतो. नसबंदी न झालेल्या कुत्र्यांमध्ये वय वाढलं की हा धोका असतोच, आणि वेळेत ऑपरेशन करून ती पिशवी काढली नाही तर विष अंगभर पसरून जीव जातो. त्याच रात्री ऑपरेशन झालं. मी बाहेर बसलो होतो, आणि खरं सांगतो, ती वाचेल असं वाटत नव्हतं.

वाचली. पण मग जे सुरू झालं ते मला ऑपरेशनपेक्षा मोठं वाटतं. सोनीला पायऱ्या माहीत नव्हत्या. गवतावर पाय ठेवला की उचलून घ्यायची. दार उघडं असलं तरी उंबऱ्याशी थांबायची, कुणी आत ढकललं तरच आत. बसल्या जागी शू करायची आणि त्यातच झोपायची, कारण पिंजऱ्यात दुसरी जागाच नव्हती तिला कधी. सहा वर्षांची असेल असा दातांवरून अंदाज आहे, आणि सहा वर्षांत एकही संध्याकाळ ती फिरायला गेली नसणार. तिला उठल्यावर, खाल्ल्यावर, झोपायच्या आधी ठरलेल्या वेळी बाहेर न्यायचं, बाहेर केलं की लगेच तोंडात काहीतरी द्यायचं, आत केलं तर एक शब्द न बोलता पुसून टाकायचं, असं आठवडेच्या आठवडे चाललं. आता ती स्वतः दाराशी येऊन उभी राहते. अंगणाच्या कोपऱ्यात ऊन येतं तिथे पाठीवर लोळते. पोरं आली की हळू जाऊन त्यांच्या पायाशी बसते, उड्या मारत नाही, तोंड घालत नाही. हे मी शेजारच्या सोसायटीतल्या पोरांबरोबर बघितलंय, एकदा नाही बऱ्याचदा.

आता तू म्हणशील पिल्लू लहानपणापासून वाढवलं की आपल्यासारखं होतं. अरे, पिल्लाचा स्वभाव तुला आधी कळतच नाही ना! ते मोठं होऊन किती ताकदीचं होईल, घाबरट निघेल की शांत, काही सांगता येत नाही, आणि तुझ्याकडे चिनू पाच वर्षांचा, वहिनींची शाळा, तू दिवसभर कंपनीत, म्हणजे दिवसभर ते पिल्लू काकूंच्या गळ्यात. दर दोन तासांनी शूला न्यायचं, चपला, गादी, पोरांची बोटं, सगळं चावणार, ते दात येण्याचं वयच असतं. काकूंचे गुडघे दुखतात हे विसरलास? सोनी कशी आहे ते आज दिसतंय. मोठ्या कुत्र्याचा हाच फायदा आणि लोक नेमका तोच बघत नाहीत, येतात आणि पहिला प्रश्न, "पिल्लं आहेत का?"

पिल्लं येतात आमच्याकडे, पोत्यात घालून, खोक्यात घालून. आणि त्यातली बरीच पार्व्हो नावाच्या व्हायरसने जातात. तुला हे माहीत असायला पाहिजे कारण बाजारातून आणलेल्या पिल्लाचंही हेच होतं, घरी आणलं, चार-पाच दिवस मजेत आणि मग उलट्या, रक्ताचे जुलाब, तो वास एकदा आला की विसरत नाही. या व्हायरसवर थेट औषध नाही, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब देणं, आणि पिल्लाचं शरीर लढेपर्यंत टिकवून धरणं एवढंच हातात. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत द्यायची असते, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागत नाही. एक डोस देऊन "लस झाली" म्हणून विकणारे लोक आहेत. आणि हा व्हायरस मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं. म्हणून क्लिनिकमध्ये पार्व्होची खोली वेगळी, चपला वेगळ्या, दाराशी ब्लीचच्या पाण्याचं घमेलं, आणि तिथे जो माणूस आहे तो दिवसभर शेडकडे फिरकत नाही. कंटाळवाणं काम आहे पण त्याच्यावर सगळं टिकून आहे.

शेडमधलं बाकीचंही थोडं सांगतो, म्हणजे "टाकलेलं कुत्रं म्हणजे काहीतरी खोट असणार" हे तुझ्या डोक्यात असेल तर निघून जाईल. मधे एक जर्मन शेफर्ड आला, खराडीच्या एका फ्लॅटमध्ये भाडेकरू त्याला आत ठेवून निघून गेलेला. शेजाऱ्यांना वास आला म्हणून दार उघडलं. बरगड्या मोजता येत होत्या. सोबत आलेल्या बाईंनी डबाभर दूध-पोळी कुस्करून आणलेली, प्रेमानेच आणली होती, आणि डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली. त्या बाईंना वाईट वाटलं, मलाही. मग डॉक्टरांनी समजावलं की इतक्या दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम पोटभर दिलं, त्यात पोळी-भातासारखं पिठूळ दिलं, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, रक्तात ते इतकं कमी पडतं की हृदय बंद पडू शकतं. उपासाने नाही मेला तो जेवणाने मरतो. म्हणून चमचा-चमचा, दिवसातून पाच-सहा वेळा, रक्त तपासत तपासत. आज तो बाणेरला एका रिटायर्ड जोडप्याकडे आहे आणि त्यांच्याबरोबर रोज पाषाण तलावाला जातो.

आणि एक काळी कुत्री होती, मालकाने "कॅन्सर झालाय, झोपवून टाका" म्हणून आणलेली, मागच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ आणि सारखं रक्त ठिबकतंय. ती टीव्हीटी निघाली. कुत्र्यांमध्ये हा एक विचित्र कॅन्सर असतो, एका कुत्र्यातून दुसऱ्यात समागमातून जातो, कॅन्सरच्या जिवंत पेशीच जातात. पण बहुतेक वेळा बरा होतो! आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन, साधारण चार-सहा आठवडे, आणि गाठ विरघळून जाते. हे औषध मिळालंय सदाफुलीपासून, तुमच्या अंगणात तुळशीशेजारी आहे ना तीच. (म्हणून पानं कुणाला खायला घालू नकोस, झाड विषारी आहे, औषध त्यातून काढून शुद्ध केलेलं असतं.) मालकाला हे सांगितलं तर म्हणाला, ठेवा मग तुम्हीच. ठेवली. आता बरी आहे पण काळी आहे म्हणून तिला कुणी घेत नाही, फोटोत नीट दिसत नाही म्हणतात. याचा मला फार त्रास होतो.

गोचीड-ताप तर रोजचाच. नाकातून रक्त, प्लेटलेट खाली, डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक महिनाभर. लोक चार दिवसांत कुत्रं उठून बसलं की गोळ्या बंद करतात आणि आजार परत उलटतो, तू तसं करू नकोस कधी. प्लेटलेट फारच खाली गेल्या आणि रक्तस्राव थांबेना तर रक्त द्यावं लागतं, कुत्र्याला कुत्र्याचंच, आणि त्यासाठी कोथरूडच्या एका सोसायटीतले तीन-चार जण आपली मोठी धडधाकट कुत्री घेऊन रात्री-अपरात्री येतात. अशी माणसं आहेत रे या शहरात.

तुला भैरूबद्दलही सांगायचंय, कारण तू आलास की तोच तुला आवडेल आणि तो तुला मिळणार नाही. भैरू गावठी, तांबडा, उंच, छातीवर पांढरा ठिपका, दिसायला राजा. धायरीच्या पुढे एका साईटवर राखणीला बांधलेला, पिल्लू असताना गळ्यात साखळी घातली आणि तो वाढत गेला तरी सैल कुणी केली नाही, साखळी मांसात रुतली, जखमेत अळ्या पडल्या. भूल देऊन साखळी कापून काढली. जखम भरली महिन्या-दीड महिन्यात. माणसाचा हात डोक्याच्या वर गेला की मात्र तो जमिनीला चिकटायचा आणि झाडू दिसला की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन दात दाखवायचा. त्याच्याशी जे केलं ते आमच्या मामांनी केलं. मामा म्हणजे शेड सांभाळतात ते, मुळशीकडचे, सगळे मामाच म्हणतात. मामा रोज सकाळी त्याच्या पिंजऱ्याबाहेर पाठ करून खाली बसायचे आणि "सकाळ" मोठ्याने वाचायचे, अख्खा, बाजारभावासकट. त्याच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, मधूनमधून खांद्यावरून मागे उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा. बस. नंतर दार उघडं ठेवून. नंतर आत बसून. मग एक दिवस भैरूने मागून येऊन मामांच्या कोपराला नाक लावलं, आणि मामांनी वाचन थांबवलं नाही. मी ते बघितलंय. मी असतो तर हात लावायला गेलो असतो आणि सगळं पाण्यात गेलं असतं, डॉक्टरांनी मागाहून तेच सांगितलं, की तो स्वतःहून आला आणि स्वतःहून मागे गेला तरी काही झालं नाही, हे त्याला कळणं महत्त्वाचं होतं.

भैरूला असं घर पाहिजे जिथे लहान मूल नाही, येणं-जाणं कमी, अंगण आहे आणि माणसाला घाई नाही. चिनू धावत त्याच्या अंगावर गेला तर तो काय करेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून डॉक्टर देणार नाहीत, आणि बरोबरच आहे ते. बाहेरचे लोक म्हणतात किती अटी घालता, फुकट कुत्रं तर द्यायचंय. पण एकदा घर चुकलं आणि कुत्रं परत आलं की त्याची अर्धी मेहनत वाया जाते, दुसऱ्यांदा विश्वास टाकायला त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून घर बघायला येतात, भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी विचारतात, घरातल्या प्रत्येकाला भेटतात, आणि घरात एकाचा जरी मनापासून नकार असेल तर देत नाहीत. तुझ्याकडे काकू. त्यांना विचारलंस का? त्या नाही म्हणाल्या तर हे पत्र इथेच फाड.

काकूंना रेबीजची भीती असणार, ती योग्यच आहे, रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. सोनीला लस झालीय आणि ती दरवर्षी द्यायची. आणि कुठलंही कुत्रं, घरचं असो बाहेरचं, चावलं किंवा ओरबाडलं तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं, हळद-चुना काही लावत बसायचं नाही. हे पोरांनाही पाठ करून ठेव.

रस्त्यावरची सगळीच कुत्री आम्ही घरात द्यायला बघतो असंही नाही. गल्लीत नीट जगणारं कुत्रं नसबंदी आणि लस करून, कानाला खूण करून त्याच्या जागी परत सोडतात, प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतही तेच आहे. उगाच उचलून नेलं की त्या जागी दुसरी येतात, नसबंदी न झालेली. ज्याला घर होतं आणि गेलं, त्याला मात्र रस्त्यावर जगता येत नाही. त्याला गाड्या कळत नाहीत, बाकीची कुत्री फाडतात, आणि ते प्रत्येक माणसाच्या मागे जातं. तेच खरं शेडमध्ये येतं. नोकरी बदलली, बाळ झालं, वर्क फ्रॉम होम संपलं, अशी कारणं. हस्की तर विचारू नकोस, दोन थरांची फर अंगावर आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळीसला टेकतो, टेरेसवर ठेवतात रे त्यांना. २०१६ मध्ये सरकारने धंद्यासाठी परदेशातून कुत्री आणायला बंदी केली, तरी इथल्या इथे पिल्लं काढणं चालूच आहे. नियम आहेत, २०१७ चे, ब्रीडरची नोंदणी पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. तू जिथून घेणार होतास तिथे एवढंच विचार की पिल्लाची आई दाखवा. दाखवली नाही तर समज तिथे एखादी सोनी आहे.

आणि दसऱ्याला नाही मिळणार. दसरा झाला की वीस दिवसांत दिवाळी, फटाके, नव्या घरात आलेलं कुत्रं घाबरून पळतं आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. दिवाळीच्या आसपास क्लिनिक एकही कुत्रं बाहेर देत नाही. तोवर तुम्ही दोन-तीनदा येऊन तिला भेटा, तिलाही तुमचा वास ओळखीचा होईल. घरी नेल्यावर पहिले तीन दिवस ती खाणार नाही कदाचित, कोपऱ्यात बसेल, तेव्हा पाहुणे बोलवायचे नाहीत, आंघोळ घालायची नाही. तीन आठवड्यांत घरातलं वेळापत्रक समजतं आणि हे माझं घर असं वाटायला तीन महिने लागतात, असं मोजमाप कुत्र्यांत काम करणारे लोक धरतात, कमी-जास्त होतं. ती जेवताना आणि झोपलेली असताना पोरांनी अंगाला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. आणि पट्ट्याला तुझा नंबर कोरलेला बिल्ला. २०२४ च्या जुलैत मुठेला पाणी आलं, एकतानगरी बुडाली, तेव्हा वाहून भरकटलेल्या कुत्र्यांत ज्यांच्या गळ्यात नंबर होता ती संध्याकाळपर्यंत घरी पोचली.

तर पुढच्या रविवारी सगळे या, काकूंना घेऊन. दहाच्या आत या, नंतर ओपीडीची गर्दी होते आणि सोनी आवाजाला अजून थोडी बिचकते. जुन्या चादरी, टॉवेल असतील तर गाडीत टाक, शेडला कायम लागतात. पोरांना सांग खिशातलं काही तिला द्यायचं नाही, चॉकलेट आणि मनुका तर अजिबात नाही, कुत्र्यांना विष आहे ते. सोनीला चिकनने खाज सुटते म्हणून ती अंडी-भातावर आहे, डॉक्टर लिहून देतील सगळं. जेवायला आमच्याकडेच, हिने पुरणपोळीचं ठरवलंय.

शुक्रवारपर्यंत कळव म्हणजे मामांना सांगून ठेवतो. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
पश्या